सोलापूरच्या पेठेतले जुने दुकान, १:८७ प्रमाणात

मॉडेल रेल्वेचा नाद लागलेला माणूस रूळ, इंजिने आणि सिग्नल यांच्यापायी महिनेच्या महिने घालवतो आणि स्टेशनाबाहेरची पेठ मात्र विकतच्या विलायती घरांवर भागवतो. मग फलाटावर ‘सोलापूर’ अशी पाटी असते आणि तिच्यामागे बर्फाळ देशांतली उभ्या उतारांच्या छपरांची, धुराड्यांची घरे उभी असतात. हे विजोड दृश्य टाळायचे असेल, तर दुकान साध्या सामानापासून स्वतःच उभारावे लागते. सोलापूरच्या जुन्या पेठांत असायचे तसे, साधारण १९५० च्या सुमाराचे, चादरींचे एक दुमजली दुकान १:८७ या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतके, कसे करावे आणि त्याला पटण्याजोगा जुनेपणा कसा आणावा, हे पुढे सांगितले आहे. त्यातही जुनेपणावर मी अधिक जागा खर्च करणार आहे, कारण बांधकाम बहुतेकांना जमते आणि फसगत होते ती रंगात.

१:८७, म्हणजे मॉडेल रेल्वेवाले ज्याला एचओ प्रमाण म्हणतात ते, घेण्याचे मुख्य कारण असे की त्यात एक फूट बरोबर ३.५ मि.मी. होतो, आणि आपली जुनी दुकाने फुटाइंचांतच बांधलेली असल्यामुळे हिशेब तोंडी करता येतो. रुळांच्या बाबतीत थोडी तडजोड पत्करावी लागते. आपली ब्रॉडगेज १६७६ मि.मी.ची, ती या प्रमाणात सव्वाएकोणीस मि.मी. भरते, पण बाजारात मिळणाऱ्या एचओ रुळांमधले अंतर १६.५ मि.मी. असते. याउलट १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मि.मी.ची नॅरोगेज पावणेनऊ मि.मी. होते आणि एन गेज या आणखी लहान मॉडेलांच्या ९ मि.मी. रुळांवर जवळजवळ चोख बसते, हे या रेल्वेवरच्या कुर्डुवाडीचा लेआउट, म्हणजे रुळांसह सबंध देखावा, करू पाहणाऱ्याने जरूर ध्यानात ठेवावे.

आधी प्रत्यक्ष दुकान पाहावे. मंगळवार पेठ, साखर पेठ अशा जुन्या वस्त्यांतून सकाळी लवकर, दुकाने उघडण्यापूर्वी, एक फेरी मारली, तर नव्या पाट्या आणि शटरे यांच्या आडून डोकावणारे काळ्या दगडाचे जोते, लाकडी खांब किंवा दारावरची पत्र्याची झापड अजूनही कुठे कुठे दृष्टीस पडते. मालकाची परवानगी घेऊन समोरून सरळ एक फोटो काढावा, आणि त्यात एखादा ओळखीचा माणूस भिंतीला खेटून उभा करावा. त्याची उंची माहीत असली की बाकीची सर्व मापे फोटोवरून काढता येतात. साडेपाच फुटांचा माणूस आपल्या प्रमाणात १९ मि.मी.चा होतो. काम करताना हा माणूस सतत शेजारी उभा असावा. मी पुठ्ठ्याचा एक कापून ठेवला आहे आणि दरवाजा चुकीच्या उंचीचा झाला की तोच प्रथम सांगतो.

आपल्या दुकानाची मापे अशी धरू. जोते दोन फूट, म्हणजे ७ मि.मी. आणि त्याला तीन पायऱ्या. खालचा मजला नऊ फूट, म्हणजे साडेएकतीस मि.मी., वरचा आठ फूट, म्हणजे २८ मि.मी., आणि त्यावर अडीच फुटांचा कठडा. एकूण उंची साधारण ७५ मि.मी. होते. रुंदीला तीन खण घ्यावेत. खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत पाच फूट, म्हणजे साडेसतरा मि.मी. धरले, तर दर्शनी भाग साडेचोपन्न मि.मी. रुंद होतो. दुकान लेआउटच्या मागच्या कडेला, देखाव्याच्या पडद्याला टेकून ठेवायचे असल्यास खोली २० ते २५ मि.मी. पुरते. मागची भिंत कुणी पाहत नाही. ते कष्ट दर्शनी भागावर खर्च करावेत.

सामानासाठी दूरवर ऑर्डर देण्याची गरज नाही. भिंती आणि जोते यांसाठी पाट्या बनवणाऱ्यांकडे ३ मि.मी. जाडीच्या सनबोर्डाचे (हलक्या प्लॅस्टिक फोमच्या फळीचे) तुकडे पडलेले असतात आणि ते बहुधा फुकट मिळतात. चौकटी, पट्ट्या आणि सज्जाची नक्षी यांसाठी जाड लग्नपत्रिकांसारखा कागद नाही. लग्नसराई संपली की वर्षभराचा साठा घरातच होतो. खांबांना काड्यापेटीतल्या काड्या घ्याव्यात. त्या सुमारे २ मि.मी. जाड असतात, म्हणजे प्रमाणात सात इंची खांब झाला, आणि जुन्या दुकानाला तो शोभतो. फळ्यांना आइस्क्रीमच्या चपट्या काड्या पातळ चिरून वापराव्यात. याशिवाय नवे पाते घातलेला कटर, स्टीलची पट्टी, बारीक पॉलिश पेपर, फेविकॉल आणि झटपट चिकटणारा गोंद एवढे असले की पुरे. गोंद लावण्यासाठी टूथपिक घ्यावी, बोट कधीही नाही.

सनबोर्डाची गुळगुळीत साल पॉलिश पेपरने हलकेच खरवडून घ्यावी, नाहीतर त्यावर रंगही धरत नाही आणि फेविकॉलही. जोत्याचे दगड कोरण्यासाठी शाई संपलेले बॉलपेन उत्तम. आडव्या थरांच्या रेषा एक फुटाच्या, म्हणजे साडेतीन मि.मी.च्या अंतराने दाबून काढाव्यात, आणि उभे सांधे मात्र मोजून न काढता हातानेच, एका थरातला सांधा खालच्या थरातल्या सांध्यावर येणार नाही एवढे पाहून काढावेत. भिंतीला गिलावा आहे असे धरले, तर विटा दाखवण्याचा प्रश्नच उरत नाही. गिलावा पडलेल्या एखाद्या ठिकाणी चार-सहा विटा डोकावू द्याव्यात. पत्रिकेचा पुठ्ठा भिंतीवर चिकटवताना फेविकॉलमधल्या पाण्याने तो वाकतो, म्हणून भिंतीच्या मागल्या बाजूलाही तेवढाच पुठ्ठा चिकटवावा आणि रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली ठेवावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर हे हमखास करावे, कारण वरचा थर इतक्या झपाट्याने वाळतो की सकाळी सरळ असलेली भिंत दुपारी पापडासारखी वळलेली असते.

आता फळ्या. जुन्या दुकानाला शटर नव्हते. चौकटीच्या वरच्या आणि खालच्या खाचांत एकेक फळी सरकवून दुकान बंद करीत, आणि सकाळी उलट्या क्रमाने काढून आत भिंतीशी रचून ठेवीत. फळ्यांचा क्रम चुकू नये म्हणून त्यांवर आकडे घातलेले असत. नऊ इंची फळी आपल्या प्रमाणात २.६ मि.मी. रुंद होते आणि दोन खांबांमधल्या साडेपंधरा मि.मी. जागेत अशा सहा फळ्या नेमक्या बसतात. उंची सात फूट, म्हणजे साडेचोवीस मि.मी. चिरलेल्या फळ्यांना चिकटवण्याआधी रंग द्यायचा, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्याजोगी आहे, कारण गोंदाचा ठिपका जिथे पडतो तिथे लाकूड रंग पीत नाही आणि तो पांढरट डाग शेवटपर्यंत वाकुल्या दाखवत राहतो. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटच्या १०० मि.लि. बाटलीत ड्रॉइंगच्या काळ्या शाईचे दहा-बारा थेंब टाकावेत आणि फळ्या त्यात बुडवून वर्तमानपत्रावर पसरून ठेवाव्यात. काही एक मिनिट, काही पाच मिनिटे बुडवाव्यात. सर्वांची छटा सारखी झाली, तर फळ्या वेगवेगळ्या न वाटता एकाच तुकड्यावर रेघा मारल्यासारखे दिसते. तीनपैकी दोन खण बंद ठेवावेत, आणि मधल्या खणातल्या चार फळ्या काढून भिंतीशी तिरक्या टेकवाव्यात, म्हणजे दुकान नुकतेच उघडत आहे असे दिसेल आणि आतला माल दिसायला जागाही होईल.

पत्र्याची झापड हा या दुकानाचा सर्वांत देखणा भाग होऊ शकतो, आणि त्यासाठी सोलापुरात एक सोय आहे जी इतरत्र सहजासहजी मिळणार नाही. खऱ्या नालीदार पत्र्यात एका उंचवट्यापासून दुसऱ्या उंचवट्यापर्यंत तीन इंच अंतर असते; आपल्या प्रमाणात ते पावणेनऊ दशांश मि.मी. होते. यंत्रमागाची जुनी फणी, म्हणजे ताण्याचे धागे ज्यातून ओवतात ती तारांची कंगव्यासारखी चौकट, भंगारात सापडते. जिच्यात इंचाला २८ घरे आहेत अशी फणी निवडली, तर दोन तारांमधले अंतर ०.९ मि.मी. भरते, म्हणजे जणू आपल्यासाठीच बनवलेले. हॉटेलातून भाजी बांधून येते त्या अॅल्युमिनियमच्या डब्याचा सपाट तळ कापून फणीवर ठेवावा आणि टोक बोथट केलेली बांबूची काडी तारांमधल्या प्रत्येक खाचेतून हलक्या हाताने एकेकदा ओढावी. घरातली पातळ फॉइल फाटते, तिच्या वाटेला जाऊ नये. फणी न मिळाल्यास ५ मि.मी. व्यासाचा आटे पाडलेला बोल्ट रबरी पत्र्यावर ठेवलेल्या फॉइलवरून दाबून फिरवावा. त्याच्या आट्यांचे अंतर ०.८ मि.मी. असते. नाली थोडी तिरकी उमटते, तेव्हा कापताना पट्टी तेवढीच तिरकी धरावी. खरा पत्रा आठ फूट लांब आणि तीन फुटांहून थोडा कमी रुंद, म्हणून आपले तुकडे २८ मि.मी. बाय ९ मि.मी. कापावेत आणि एकाची नाली दुसऱ्याच्या नालीवर चढवून लावावेत. सबंध झापड एकाच तुकड्याची केली, तर ती पत्र्याची वाटत नाही.

पाटीच्या बाबतीत बहुतेकांची चूक होते ती लिपीत नव्हे, शुद्धलेखनात. १९६२ च्या नियमांपूर्वी मराठीत कितीतरी शब्दांवर आजच्यापेक्षा जास्त अनुस्वार देत, आणि १९५० ची पाटी आजच्या पद्धतीने लिहिली, तर जाणत्या वाचकाला ती लगेच खटकते. ‘सोलापुरी चादरींचें दुकान’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘येथें माल ठोक व किरकोळ भावानें मिळेल’ असे लिहावे. इंग्रजी ओळ हवीच असेल, तर शहराच्या नावात ‘एस’नंतर ‘एच’ घालावा, कारण तेव्हाचे स्पेलिंग तसे होते. तेलुगू आणि कन्नड बोलणारी माणसे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांपैकी एखाद्या लिपीतली ओळ दिली तर पाटी अधिक खरी वाटते, मात्र ती जाणकाराकडून लिहून घ्यावी. नुसती वाटोळी अक्षरे गिरवून ठेवणे बरे नव्हे. पाटी आठ फूट बाय दीड फूट, म्हणजे २८ मि.मी. बाय सव्वापाच मि.मी. करावी आणि लेझर प्रिंटरवर छापावी, कारण इंकजेटची शाई पुढच्या पाण्याच्या रंगात पसरते. छापलेला कागद मागून पॉलिश पेपरने घासून पातळ करावा आणि कापलेल्या पांढऱ्या कडांना पेन्सिलने काळसर करावे.

भिंतीला चुन्याचा रंग दाखवायचा असल्यास अॅक्रिलिक रंगात चिमूटभर टाल्कम पावडर मिसळावी; त्याने चकाकी जाते आणि चुन्याचा कोरडा, पिठूळ पोत येतो. फिकट निळा किंवा पिवळसर पांढरा, दोन्ही चालतात. खांब आणि सज्जा यांना ऑइलपेंटचा हिरवा द्यावा, पण डबीतला हिरवा तसाच न लावता त्यात एक तृतीयांश पांढरा मिसळावा, कारण एवढ्या लहान वस्तूवर खरा रंग नेहमी जास्त गडद दिसतो.

इथून पुढे जुनेपणा. माझ्या पहिल्या दुकानाला मी परदेशी मॉडेलांचे फोटो समोर ठेवून सगळीकडून सारखाच काळपट रंग पातळ करून फासला आणि जोत्यावर हिरवट शेवाळाची झाक मारली. मामांनी चष्मा वर करून ते पाहिले आणि विचारले, “काय रे, हे दुकान रत्नागिरीचं आहे का?” त्यांचे म्हणणे खरे होते. दुष्काळी पट्ट्यातल्या सोलापुरात, जिथे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे असतो, भिंतीवर शेवाळ धरेल कशाला? इथे वस्तू कुजून जुन्या होत नाहीत. उन्हाने विटतात, धुळीने माखतात आणि हात लागून लागून झिजतात. तेव्हापासून मी ब्रश उचलण्यापूर्वी प्रत्येक डागाला विचारतो की तू आलास कुठून, आणि उत्तर मिळाले नाही तर तो डाग काढत नाही.

आधी ऊन. लेआउटवर दुकानाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते ठरवावे. दक्षिण किंवा पश्चिमेकडे असल्यास वरच्या मजल्याचा हिरवा रंग चांगलाच उडालेला हवा. मूळ रंगात पांढरा आणि थोडा राखाडी मिसळून जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर हलके झटकारे मारावेत. मात्र झापडीच्या सावलीत येणारा भाग जुनाच गडद राहू द्यावा. सावली जिथे संपते तिथे विटलेल्या आणि न विटलेल्या रंगाची एक आडवी सीमा दिसते. ती दाखवली की पाहणारा दुकानापाशी रेंगाळतो. रंगाचे पोपडे उडालेले दाखवण्यासाठी मिठाची युक्ती प्रसिद्ध आहे: लाकडी रंगावर पाण्याने मीठ चिकटवायचे, वरून हिरवा द्यायचा आणि वाळल्यावर मीठ बोटाने झाडायचे. फक्त एवढे लक्षात असू द्यावे की मिठाचा एक खडा तीन दशांश मि.मी.चा धरला, तरी प्रमाणात तो इंचभराचा पोपडा होतो, म्हणून मीठ खलबत्त्यात कुटून घ्यावे.

पाणी इथे कमी असले, तरी जेव्हा पडते तेव्हा खुणा ठेवते. पत्र्याचा गंज खिळ्यांच्या ओळीत, कापलेल्या कडेला आणि दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथे सुरू होतो, आणि तिथून उताराने खाली ओघळतो. टूथपिकच्या टोकाने विटकरी रंगाचा ठिपका द्यावा, आणि ओलसर ब्रशने तो फक्त खालच्या दिशेने ओढावा. सगळा पत्रा तांबडा करू नये, आधी फॉइलला प्रायमर आणि मग राखाडी रंग दिलेला असल्यामुळे तो बराचसा राखाडीच राहिला पाहिजे. जमिनीलगत भिंतीला लोणा लागलेला असतो. तिथला गिलावा कटरच्या टोकाने थोडा उचकटावा आणि कडेला पांढऱ्या खडूची पूड बोटाने दाबावी. पावसात अंगणातली माती उडून जोत्यावर बसते, तो तपकिरी पट्टा फूटभर उंच, म्हणजे साडेतीन मि.मी. असतो, वरची कड सरळ नसावी.

धुळीसाठी रांगोळीचे किंवा चित्रकलेचे खडू बारीक पॉलिश पेपरवर घासून पूड करावी आणि मऊ ब्रशने सज्जाच्या वरच्या कडेवर, खिडकीच्या पट्ट्यांवर, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत साठवावी. उभ्या भिंतीवर धूळ बसत नाही, आडव्या कडेवर बसते. १८६० साली रेल्वे आली, १८७० च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या, म्हणजे आपल्या दुकानावर कोळशाच्या धुराची ऐंशी-नव्वद वर्षे जमा आहेत. तेव्हा धुळीखाली काजळीचा एक अगदी पातळ थर आधी द्यावा.

हाताच्या खुणा मला सर्वांत आवडतात. जमिनीपासून चार फुटांवर, म्हणजे १४ मि.मी. उंचीवर, फळ्यांच्या कडा हाताच्या तेलकटपणाने काळ्या आणि किंचित चकचकीत झालेल्या असतात. तिथे मऊ पेन्सिल घासावी. उंबरठा मधोमध झिजलेला असतो, तो पॉलिश पेपरने थोडा खोलगट करावा आणि त्यावर हळदीकुंकवाचे दोन बारीक ठिपके द्यावेत. दिवा लावण्याची देवळी काढली असल्यास तिच्यावर काजळीची वर निमुळती होत गेलेली जीभ हवी. कोपऱ्याच्या जोत्यावर पानाची पिचकारी काढायचा मोह होईलच, एकच काढावी.

शेवटी मॅट वार्निश फवारावे, नाहीतर खडूची पूड बोटाला लागत राहते. वार्निशाने पूड बरीच फिकी होते, म्हणून धूळ मुळातच थोडी जास्त ठेवलेली बरी. एका मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर मी वार्निश मारले आणि थेंब दुकानापर्यंत पोचण्याआधी हवेतच वाळून सगळ्या दुकानावर पांढरी भुकटी बसली. आठवड्याचे काम गेले. उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत उरकावे.

आतल्या मालासाठी रंगीत पातळ कागदाच्या साडेचार मि.मी. रुंद पट्ट्या दुमडून थप्प्या रचाव्यात आणि एक चादर, १७ बाय २६ मि.मी.ची, मध्यभागी आणि काठाला बारीक नक्षी काढून दारात टांगावी. गादी आणि लोड पांढऱ्या टिश्यू कागदाचे करावेत. लिंबू-मिरची टांगायची तर हिरव्या धाग्याचा मि.मी.भर तुकडा आणि खाली पिवळ्या रंगाचा ठिपका पुरतो.

दुकान जागेवर बसवताना रस्त्यासाठी खरी माती वापरायची असल्यास ती वाळवून मलमलीतून दोनदा गाळावी आणि मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक तिच्यातून फिरवावे. आपली माती काळ्या बसाल्टची असल्यामुळे तिच्यात चुंबकाला चिकटणारे कण निघतात, आणि ते इंजिनाच्या मोटरीत गेले तर मोटर बिघडते. माझ्याकडे वाटीभर मातीतून पाव चमचा काळी भुकटी निघाली होती. जोते मातीच्या थरात मि.मी.भर रुतवावे, कारण इमारत आणि जमीन यांच्यामध्ये उजेडाची फट राहिली की ती ठेवलेली वाटते, बांधलेली नाही. मग मोबाइलचा कॅमेरा रस्त्यावर आडवा, त्या पुठ्ठ्याच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून एक फोटो काढावा. डोळ्याला न दिसलेली एखादी फट त्यात दिसतेच. तिच्यात चिमूटभर माती भरावी आणि वर पातळ केलेल्या फेविकॉलचा एक थेंब सोडावा.